विहिरीचे पाणी घेऊन विद्यापीठात

शाळेत असताना आम्ही अनुमापनाचा प्रयोग केला होता, असे माझी जुनी प्रयोगवही सांगते. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा मथळ्यांखाली तो सुवाच्य अक्षरांत उतरवलेला आहे आणि खाली शिक्षकांची लाल शाईतील सहीही आहे. प्रत्यक्षात ब्युरेट होती एक आणि आम्ही होतो चाळीस. ब्युरेट शिक्षकांच्या हाती होती आणि आम्ही टेबलाभोवती कोंडाळे करून उभे होतो. द्रावणाचा रंग बदलल्याचे मागच्या रांगेतल्यांना पुढच्यांच्या गलक्यावरून कळले. आकडे सर्वांनी फळ्यावरून उतरवून घेतले. त्यामुळे चाळीस वह्यांतील उत्तर दशांश चिन्हापुढच्या अंकापर्यंत एकसारखे आले. चाळीस जणांनी खरोखर मोजले असते तर उत्तरे इतकी जुळली नसती, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. तोवर मराठी साहित्यात पदवी घेऊन मी वर्तमानपत्राच्या कचेरीत रुजू झालो होतो.

त्या शाळेला दोष देण्याचा येथे हेतू नाही. मर्यादित साहित्य, मोठे वर्ग आणि परीक्षेचा धाक यांमुळे अनेक शाळांत हेच घडत आले आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी की वाणिज्य, याचा निर्णय मूल ज्या वयात करते, त्या वयापर्यंत त्याने रसायनशास्त्र स्वतःच्या हाताने क्वचितच केलेले असते. जे कधी केले नाही त्याची निवड किंवा त्याचा त्याग ते करीत असते. विद्यापीठाची रसायनशाळा माध्यमिक आणि उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना वर्षातून एखादा दिवस खुली करावी, या कल्पनेचे महत्त्व येथे आहे. मात्र तो दिवस सहलीच्या खात्यात जमा व्हायचा की शिक्षणाच्या, हे त्या दिवशी मुलांच्या हाती काय पडते यावर अवलंबून असते.

दर्शन आणि अनुभव

प्रयोगशाळेच्या भेटी दोन तऱ्हांच्या असतात. पहिल्या तऱ्हेत मुले रांगेने दालनात शिरतात. एखादा संशोधक मोठ्या यंत्रासमोर उभा राहून त्याचे नाव, किंमत आणि उपयोग सांगतो. मुले ‘हात लावू नये’ ही पाटी वाचतात, समूहछायाचित्र निघते, अल्पोपाहार होतो आणि बस परतीला लागते. याला दर्शन म्हणावे. मूर्ती दुरून दिसते, गाभाऱ्यात मात्र प्रवेश नसतो. अशा भेटीने कुतूहल जागे होऊ शकते, हे खरे. पण ते पुरे पडत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत मूल डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवते, पिपेटमध्ये द्रावण घेते, आकडा वाचते, चुकते आणि पुन्हा मोजते. येथे यंत्र कमी किमतीचे असले तरी चालते, पण ते मुलाच्या हाताखाली असावे लागते.

या दोन तऱ्हांना विज्ञानाच्या इतिहासात जुने आधार आहेत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली तरुण श्रोत्यांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. त्यांमागे मायकेल फॅरडे यांचा पुढाकार होता आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी स्वतः ती दिली. फॅरडे हे मुळात पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार. १८१२ मध्ये त्यांना हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्यांनी टिपणे काढली, स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि १८१३ मध्ये ते डेव्हींच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. व्याख्यानांनी त्यांना ओढ लावली, पण ते रसायनशास्त्रज्ञ झाले ते प्रयोगशाळेतील भांडी, बाटल्या आणि भट्ट्या रोज हाताळू लागल्यावर.

दुसरा आधार जर्मनीतील गीसेनचा. युस्टुस फॉन लीबिग १८२४ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी तेथे प्राध्यापक झाले. प्राध्यापकाने प्रयोग दाखवायचा आणि विद्यार्थ्यांनी पाहायचा, या रिवाजाच्या जागी त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतः पदार्थांचे पृथक्करण करायला लावले. देशोदेशीचे तरुण तेथे येऊन शिकले आणि ती पद्धत आपापल्या विद्यापीठांत घेऊन गेले. आज पदवीच्या वर्गात जी प्रात्यक्षिके होतात, त्यांची घडण बऱ्याच अंशी गीसेनमध्ये झाली. हाच अनुभव चार-पाच वर्षे आधी, शाळेच्या वयात देता येईल का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

जर्मनीने त्याचे उत्तर ‘श्यूलरलाबोर’ म्हणजे विद्यार्थी-प्रयोगशाळा या रूपाने दिले. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र दालने राखतात आणि शाळा आपले वर्ग तेथे घेऊन जातात. बिलेफेल्ड विद्यापीठातील ‘टॉयटोलॅब’ २००० साली रसायनशास्त्रापासूनच सुरू झाली. आपल्याकडेही वाटा अगदीच बंद नाहीत. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिम्पियाडसाठी निवडलेल्या मुलांना रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे कसून प्रशिक्षण मिळते. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईतच झाले. त्या स्पर्धेत लेखी परीक्षेसोबत प्रयोगशाळेतील परीक्षाही असते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. केंद्र सरकारच्या ‘राष्ट्रीय आविष्कार अभियाना’ने २०१५ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांनी शाळांचा हात धरावा, अशी अपेक्षा मांडली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये ‘जिज्ञासा’ हा उपक्रम केंद्रीय विद्यालयांच्या सहकार्याने आरंभला. त्यात परिषदेच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी खुल्या करण्याचे योजले गेले.

गोव्यापुरते बोलायचे तर भूगोल आपल्या बाजूने आहे. १९८५ पासून कार्यरत असलेल्या गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालते. त्याच परिसरात दोना पावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मडगावचे चौगुले महाविद्यालय आणि पणजीचे धेंपे महाविद्यालय ही १९६२ पासूनची आहेत. झुआरीनगरला बिट्स पिलानीचे संकुल आहे. पेडणे असो वा काणकोण, सकाळी निघून संध्याकाळी घरी पोहोचता येईल, इतक्याच अंतरावर हे सारे आहे. मोठ्या राज्यातल्या दुर्गम जिल्ह्यांना हे भाग्य लाभत नाही.

एक बाटली पाणी

एका दिवसात शाळकरी मुलांनी करावे असे काय आहे? अनेक ठिकाणी ॲस्पिरिन बनवण्याचा प्रयोग निवडतात. सॅलिसिलिक आम्लापासून औषधाचे पांढरे स्फटिक तयार होताना पाहण्यात मौज आहेच. तरी आपल्या मातीला अधिक जवळचा प्रयोग म्हणजे विहिरीच्या पाण्यातील लोहाचे मापन. गोव्यातील जांभ्याचा आणि मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाचा पट्टा आहे. घरातल्या बादलीला तळाशी तांबूस थर धरतो, पांढऱ्या कपड्यांवर पिवळट छटा येते, हा अनेकांच्या ओळखीचा प्रकार. त्या पाण्यात लोह नेमके किती, हे मात्र बादलीकडे पाहून सांगता येत नाही.

प्रयोगाची सुरुवात विद्यापीठात होत नाही, ती विहिरीच्या काठावर होते. विद्यार्थी स्वच्छ बाटलीत पाणी घेतो आणि चिठ्ठीवर गाव, विहीर, तारीख, वेळ लिहितो. एक गोष्ट येथेच शिकायला मिळते. जमिनीखाली, जेथे हवा कमी पोहोचते, तेथे लोह बहुधा विरघळलेल्या आणि जवळजवळ रंगहीन अवस्थेत असते. पाणी वर आले की हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे रूप पालटते आणि तांबूस साका होऊन ते तळाशी बसते, बाटलीच्या कडांनाही चिकटते. म्हणून पाणी घेतानाच त्यात थोडे आम्ल घालून लोह विरघळलेलेच राहील अशी तजवीज करतात. हे काम शिक्षकांनी करावे. मुलांनी त्याचे कारण समजून घ्यावे.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर पहिले काम असते तुलनेसाठी मोजपट्टी तयार करण्याचे. लोहाचे प्रमाण ठाऊक असलेल्या मूळ द्रावणातून लीटरमागे १, २, ३, ४ आणि ५ मिलिग्रॅम लोह असलेली पाच द्रावणे मुले तयार करतात. लोह नसलेले एक कोरे द्रावणही सोबत लागते. प्रत्येकात आधी ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले क जीवनसत्त्व, घालतात. ते सर्व लोहाला एकाच अवस्थेत आणते. मग आम्लता ठरावीक राखण्यासाठी सोडियम ॲसिटेटचे द्रावण आणि शेवटी फिनॅन्थ्रोलिन. या पदार्थाचे तीन रेणू लोहाच्या एका आयनाभोवती कडे करतात आणि रंगहीन पाणी नारिंगी-तांबडे होते. लोह जितके जास्त, तितका रंग गडद. पाचही नळ्या ओळीने ठेवल्या की फिकट ते गडद अशी उतरंड डोळ्यांसमोर उभी राहते. येथवर शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल.

पुढची पायरी विद्यापीठाची. डोळ्यांना ‘थोडा गडद’ आणि ‘जरा फिका’ एवढेच कळते. स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र त्याचा आकडा करते. हे नारिंगी द्रावण ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा प्रकाश शोषून घेते, म्हणून ते आपल्याला तांबडे दिसते. यंत्र त्या प्रकाशाचा झोत एक सेंटीमीटर जाडीच्या पारदर्शक पेटीतून पाठवते आणि किती प्रकाश अडला ते सांगते. लीटरमागे १ मिलिग्रॅम लोहाला हे वाचन सुमारे ०.२ येते, २ मिलिग्रॅमला ०.४ आणि ५ मिलिग्रॅमला सुमारे १. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडले की सरळ रेषा मिळते. समप्रमाण म्हणजे काय, हे गणिताच्या तासाला शिकलेले मूल ते येथे स्वतःच्या हाताने काढते.

आता गावाकडचे पाणी. समजा, विहिरीचे २५ मिलिलीटर पाणी घेऊन, सर्व रसायने घालून, एकूण द्रावण ५० मिलिलीटर केले आणि वाचन आले ०.३०. आलेखावरून त्या द्रावणात लीटरमागे दीड मिलिग्रॅम लोह आहे. पण पाणी दुप्पट सौम्य केले होते, म्हणून विहिरीतले प्रमाण ३ मिलिग्रॅम. ही दोनाने गुणण्याची पायरी निम्मी मुले तरी विसरणारच. विसरू द्यावीत. शेजारच्या गटाचे उत्तर वेगळे दिसले की ती आपणहून मागे जाऊन शोध घेतात.

चुकीचे मोल

खरे शिक्षण येथून पुढे आहे. समजा, एकाच विहिरीचे पाणी दोन गटांनी आणले. एकाला ३ मिलिग्रॅम मिळाले आणि दुसऱ्याला दीडही नाही. शाळेत सवय लागलेली असते ती बरोबर उत्तर विचारण्याची. त्यामुळे मुलगी साहाय्याला असलेल्या संशोधक विद्यार्थिनीकडे वळून विचारील, “ताई, आमचे बरोबर की त्यांचे?” आणि ताईला प्रामाणिकपणे सांगावे लागेल, “मलाही ठाऊक नाही गं. बाटल्या बघूया.” दुसऱ्या गटाच्या बाटलीत आम्ल घालायचे राहून गेलेले असते. तळाशी तांबूस साका बसलेला असतो आणि त्यांनी वरचे नितळ पाणी अलगद पिपेटमध्ये घेतलेले असते. लोह बाटलीतच राहिले आणि आकडा खोटा ठरला. पिपेट चुकली नव्हती, यंत्रही चुकले नव्हते. चूक विहिरीच्या काठावर झाली होती.

हा एक प्रसंग पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी पानांइतका मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही. शाळेतील बहुतेक प्रयोगांत निष्कर्ष आधीच माहीत असतो. प्रयोग त्याची खातरजमा करण्यापुरता उरतो. विहिरीच्या पाण्याच्या बाबतीत शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थी तिघेही सारखेच अनभिज्ञ असतात. ‘मलाही ठाऊक नाही’ हे वाक्य जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकणे, ही कोणत्याही मुलासाठी विज्ञानाची खरी ओळख होय.

यातच एक नागरी धडाही दडलेला आहे. गोव्यात खाणींचा विषय निघाला की मते तापतात. पाण्यात लोह सापडले म्हणजे ते खाणीमुळेच, असे एक जण म्हणेल. आपली मातीच तांबडी, त्यात नवल काय, असे दुसरा म्हणेल. मुलांना येथे थांबायला शिकवता येते. एका विहिरीचा एका दिवसाचा आकडा लोहाचे प्रमाण सांगतो, त्याचे कारण सांगत नाही. कारणाविषयी बोलायचे तर अनेक विहिरी हव्यात, खाणीजवळच्या आणि दूरच्याही. पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे हवेत. मापन कोठे संपते आणि मत कोठे सुरू होते, ही सीमारेषा ज्याने पंधराव्या वर्षी स्वतः आखली, तो पुढे कोणत्याही शाखेला गेला तरी वर्तमानपत्र अधिक सावधपणे वाचील. हे वाक्य वर्तमानपत्राच्या माणसाने लिहावे याचा मला संकोच वाटत नाही.

अर्थात, असे मापन शिक्षणासाठी असते, ते पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र ठरत नाही. शंका वाटल्यास पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यायला हवे, हे मुलांना आणि पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

हात चालतो, डोके चालते का?

हाताने केले म्हणजे आपोआप समजले, असे मात्र मानू नये. इंग्लंडमध्ये इयान अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी माध्यमिक शाळांतील २५ विज्ञान-तासांचे निरीक्षण करून २००८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्रात्यक्षिकांत मुले सांगितलेली कृती बहुधा नीट पार पाडतात. त्या कृतीमागच्या वैज्ञानिक कल्पनेचा वापर करून विचार मात्र फारसा करीत नाहीत, असे त्यांना आढळले. पाककृती वाचून पदार्थ करावा, तसे हे होते. पदार्थ जमतो, पण मीठ का घातले ते ठाऊक नसते.

दुसरा अडसर नवखेपणाचा. इस्रायलमधील नीर ओरियन आणि अवी हॉफस्टाइन यांनी १९९४ मध्ये शालेय क्षेत्रभेटींच्या अभ्यासातून दाखवले, की जागा अनोळखी, विषय अनोळखी आणि दिवसभरात काय होणार तेही अनोळखी असेल, तर मुलांचे लक्ष त्या नवलाईतच खर्ची पडते. पूर्वतयारीने हा नवखेपणा कमी केला की शिकणे वाढते. प्रयोगशाळेलाही हे तंतोतंत लागू पडते. ज्या मुलाने पिपेट प्रथमच हाती धरली आहे, त्याचे सारे लक्ष द्रवाची पातळी खुणेवर आणण्यात गुंतते. लोहाच्या आयनांचा विचार त्याने कोणत्या मनाने करावा?

म्हणून भेटीआधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास भेटीइतकेच महत्त्वाचे आहेत. आधी शाळेत साध्या पाण्यावर पिपेटचा सराव व्हावा, दालनाची छायाचित्रे आणि दिवसाचे वेळापत्रक दाखवावे, सौम्य करण्याचे गणित सोडवून घ्यावे. प्रत्येकाने आपल्या विहिरीच्या पाण्यात किती लोह निघेल याचा अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहून ठेवावे. परतल्यावर सर्वांचे आकडे फळ्यावर मांडून फरकांची चर्चा करावी आणि गावाच्या नकाशावर विहिरींपुढे आकडे भरावेत. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच विहिरींवर परत गेली, तर चार-पाच वर्षांत शाळेपाशी स्वतःची नोंदवही तयार होईल.

प्रयोगशाळेतही संख्येवर संयम हवा. एका बसमधून पन्नास मुले येतात म्हणून पन्नासांना एका दालनात कोंबू नये. दोघांचा एक गट, पाच-सहा मुलांमागे एक संशोधक विद्यार्थी आणि एका वेळी वीस-बावीस मुले, एवढेच हाताळता येते. उरलेल्यांनी तोवर ग्रंथालय पाहावे किंवा संशोधकांशी गप्पा माराव्यात आणि दुपारी अदलाबदल व्हावी.

जपून, पण घाबरून नव्हे

भेटीचा बेत निघाला की मुख्याध्यापकांच्या मनात पहिली शंका सुरक्षिततेची येते आणि ती रास्त आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय विद्यार्थी असताना कोलकात्यात पेडलर यांचे प्रयोग पाहून इतके भारावले, की एका सहाध्यायासोबत त्यांनी राहत्या जागीच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि एकदा तेथे स्फोटही झाला. सुदैवाने ते बचावले आणि देशाला एक थोर रसायनशास्त्रज्ञ लाभला. कुतूहल जागे केले आणि त्याला सुरक्षित जागा दिली नाही, तर ते स्वतःची जागा शोधते, असाही या गोष्टीचा अर्थ होतो.

नियम थोडे असावेत आणि ते अपवादाविना पाळले जावेत. संरक्षक चष्मा डोळ्यांवर असावा, कपाळावर नव्हे. कपडे सुती, पायांत बंद बूट, लांब केस बांधलेले. पिपेट तोंडाने कधीही ओढायची नाही, त्यासाठी रबरी फुगा वापरायचा. दालनात खाणेपिणे वर्ज्य. आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी नव्हे. तीव्र आम्ले आणि विषारी द्रव्ये मुलांच्या टेबलावर ठेवूच नयेत. वर सांगितलेल्या प्रयोगात रूढ पद्धतीने वापरले जाणारे हायड्रॉक्सिलअमीनचे क्षार विषारी असतात. त्यांच्या जागी क जीवनसत्त्व घेण्याचे कारण तेच. वापरलेली द्रावणे बेसिनमध्ये न ओतता ठेवलेल्या बाटलीत जमा करायची. आपण पाण्याची परीक्षा करायला आलो आणि पाणीच दूषित करून गेलो, असे होऊ नये. असे एक-एक नियम कारणासह सांगितले तर मुले ते घरीही पाळतात. फिनेल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, हे सांगायला मग वेगळा तास लागत नाही.

बस कोणाच्या गावात थांबते?

शेवटचा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. आपल्याकडे अशा संधी गुणवत्तायादीच्या क्रमाने वाटल्या जातात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेतील विज्ञान-शिबिरांसाठी दहावीत वरच्या एक टक्क्यात येऊन अकरावीला विज्ञान घेणारे विद्यार्थी, असा निकष ठेवला गेला. हुशार मुलांना प्रोत्साहन मिळावे, याविषयी वाद नाही. परंतु त्या मुलांनी विज्ञान आधीच निवडलेले असते. ज्या मुलाला पुस्तकातले रसायनशास्त्र रुक्ष वाटते, पण ज्याचे हात कसबी आहेत, जो घरी पंप दुरुस्त करतो किंवा आईला सोलकढीच्या आगळाचा अंदाज अचूक सांगतो, तो या यादीत कधीच बसत नाही. प्रयोगशाळेचा दिवस त्याच्यासाठी अधिक निर्णायक ठरू शकतो. म्हणून शाळेने गुणानुक्रमाने दहा मुले निवडून पाठवू नयेत, संपूर्ण वर्ग पाठवावा.

भाषेचाही विचार हवा. आपली पुष्कळ मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून घेतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना ‘सोल्युशन’ हा शब्द पाठ असतो, पण साखर पाण्यात विरघळते तेव्हा तेच घडते, हे नाते जुळलेले नसते. विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी अनेकदा अशाच गावांतून, अशाच शाळांतून आलेले असतात. त्यांनी प्रयोग करताना घरच्या भाषेत बोलावे. यंत्राचे नाव इंग्रजीत राहू दे, पण ‘साका बसला’, ‘रंग चढला’, ‘पाणी नितळले’ हे शब्द आपले आहेत आणि रसायनशास्त्र सांगायला ते पुरेसे नेमके आहेत. आपल्याच गावची ताई संशोधन करते, हे दिसणे तर कोणत्याही मार्गदर्शनपर व्याख्यानापेक्षा प्रभावी ठरेल.

आणि जेथून मुले येऊच शकत नाहीत, तेथे यंत्राने जावे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने वर्णपटमापनाची सुवाह्य यंत्रे पेटीत घालून शाळाशाळांत नेण्याचा उपक्रम राबवला. विहिरीच्या पाण्यातील लोह मोजण्यासाठी लागणारे साधे यंत्र टेबलावर मावते. नेत्रावळी किंवा गावडोंगरीच्या शाळेत ते दोन दिवसांसाठी नेणे, ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे.

यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. विद्यापीठाच्या सुट्टीच्या काळात पदव्युत्तर विभागांची दालने रिकामी असतात आणि उन्हाळ्यात विहिरींचे पाणीही तळाला गेलेले असते, म्हणजे पावसाळ्यापूर्वीचे नमुने घ्यायला तीच वेळ योग्य. बसचे भाडे, थोडी रसायने, वीस चष्मे आणि दहा-बारा उत्साही संशोधक विद्यार्थी एवढी सामग्री पुरते. शाळेने आधी पत्र लिहावे, विद्यापीठाने होकार द्यावा आणि पालकांनी संमतिपत्रावर सही करताना मुलाला घरच्या विहिरीवरून एक बाटली भरून द्यावी.

परत आल्यावर त्या मुलांच्या वह्या तपासायला येतील, तेव्हा त्यांत चाळीस वेगवेगळे आकडे असतील. काही ठिकाणी खाडाखोड असेल, एखाद्या पानावर नारिंगी डागही पडलेला असेल. शिक्षकांनी त्यावर लाल शाईने फुली मारण्याची घाई करू नये. तुझा आकडा शेजाऱ्यापेक्षा वेगळा का आला, एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकून मग सही करावी.